बाई, एक विचारू? : होळीनंतरचं पांढरं वावर

गेल्या अंकात गारपिटीवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचाच खच पडला. एकोणीस पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप वेगळे. त्यातली सात निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, बाकीच्यांनी रागावू नये.

नव्या वाचकांसाठी सांगते. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, वरूडकडे सातपुड्याच्या पायथ्याशी राहते, घरचा संत्र्याचा बगीचा आहे. १९८६ पासून अंगणात कमाल-किमान तापमापक टांगलेला आहे आणि त्याचा आकडा रोज वहीत उतरतो. आमचे हे त्या वहीला 'बाईचा दुसरा संसार' म्हणायचे.

प्रश्न : बाई, माझा मोठा भाऊ फौजेत आहे, सध्या लडाखमध्ये द्रासकडे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्यानं व्हिडिओ पाठवला. बर्फ पडून राहिला आहे आणि तो फावड्यानं वाट मोकळी करतोय. त्या दिवशी आमच्याकडे कूलरमध्ये पाणी टिकत नव्हतं. आबांनी मोबाईल पाहिला आणि म्हणाले, "ह्यात काय पाहाचं? आपल्या वावरातबी पडला होता बर्फ. होळी झाल्यावर. सारं वावर पांढरं झालं होतं." घरातले सगळे हसले. आबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, पण थापा मारणारे नाहीत. आपल्याकडे खरंच बर्फ पडला असेल का? (एक वाचक, काटोल तालुका)

उत्तर : आधी आबांना जाऊन सांगा की बाई हसल्या नाहीत.

बर्फ आपल्याकडेही पडतो, फक्त खाली पोचत नाही. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमाराला जो काळा ढग उठतो, त्याचा माथा दहा-बारा किलोमीटर उंच गेलेला असतो. त्या दिवसांत आपल्या डोक्यावर साधारण चार-साडेचार किलोमीटरच्या वर पारा शून्याखाली असतो. म्हणजे ढगाचा अर्ध्याहून जास्त भाग बर्फातच. तिथे हिमकण तयार होतात, एकमेकांना चिकटतात, जड होऊन खाली निघतात आणि उबदार हवेत शिरले की वितळतात. आपल्या ओसरीवर आपटतो तो थेंब. वळवाचे पहिले थेंब अंगावर एवढे गार का लागतात, कधी विचार केला होता?

आता द्रास. ते ३,२०० मीटरच्याही वर वसलंय. काटोल चारशेच्या आसपास. एक किलोमीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. हिशेब तुम्हीच करा, नुसत्या उंचीनं अठरा-एकोणीस अंश गेले. शिवाय ते आपल्यापेक्षा तेरा अक्षांश उत्तरेला. तिथे हिमकणाला वाटेत वितळण्याइतकी ऊब भेटतच नाही. भूमध्य समुद्राकडून हिवाळाभर जे वादळी पट्टे येत राहतात, ज्यांना हवामान खातं पश्चिमी विक्षोभ म्हणतं, त्यांची ये-जा आपली होळी झाली म्हणून थांबत नाही. एप्रिल-मेपर्यंत एखादा येतोच. चारधामला जाऊन आलेल्यांना विचारा. २०२३ मध्ये केदारनाथची दारं २५ एप्रिलला उघडली, त्या आठवड्यात वर बर्फ पडत होता. आमच्या गावातली तेरा माणसं मे महिना म्हणून एकेका पातळ शालीवर केदारला गेली होती. परत आल्यावर दिवाळीपर्यंत दुसरं काही बोलली नाहीत.

मग आबांनी काय पाहिलं? आपल्याकडे वावर पांढरं होतं ते दोन कारणांनी. एक गारा, दुसरं गोठलेलं दहिवर. दोन्हींत फार फरक आहे.

गारेला थंडी लागत नाही, ऊन लागतं. हे ऐकून वर्गात पोरं नेहमी चमकायची. जमीन तापते, तिच्यावरची हवा जोरात वर चढते, बंगालच्या उपसागराकडून आलेलं बाष्प तिच्याबरोबर वर जातं, आणि वरची हवा कोरडी आणि गार असते. वर चढणारा हा झोत एवढा जोरकस असतो की बर्फाच्या खड्याला तो खाली पडूच देत नाही, झेलत राहतो. संक्रांतीचा काटेरी हलवा कसा करतात पाहिलंय ना? मंद आचेवर परातीत तीळ किंवा खसखस हलवत राहायचं, पळीपळीनं पाक सोडायचा, पुटावर पूट चढत जातं. गार अशीच वाढते. पाकाच्या जागी शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी असतं, ते बर्फाला शिवलं की तिथेच गोठतं. झोताला वजन पेलेनासं झालं की गार सुटते. बर्फाची भुरभुर माणसाच्या चालीनं उतरते, आणि लिंबाएवढी गार ताशी साठेक किलोमीटरनं येते. भरधाव मोटारसायकल म्हणा.

दहिवर गोठतं ते डिसेंबर-जानेवारीत. ढग नाही, वारा नाही, अशा रात्री जमीन आपली दिवसाची ऊब आभाळात सोडून देते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर पेटीत असतो. तो चार दाखवतो, तेव्हा गवताच्या पात्याशी शून्य झालेलं असू शकतं. गार हवा जड असते म्हणून ती नाल्याकाठच्या खोलगट वावरात साचते. त्यामुळे एका शेतकऱ्याची तूर जाते आणि वरच्या धुऱ्यापलीकडच्याची (धुरा म्हणजे बांध) वाचते, आणि मग लोक करणी-बिरणी म्हणतात. सकाळी पाहावं तर मीठ सांडल्यासारखं. नऊ वाजता काही नाही. दुपारी तुरीची पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबतात.

तेव्हा आबांना तीन गोष्टी विचारा. दिवस होता की सकाळ? आवाज झाला होता का? आणि दुसऱ्या दिवशी पीक फाटलेलं दिसत होतं की भाजलेलं?

माझी पहिली गारपीट चौथीतली. आजीनं चुलीवरचा तवा उचलून अंगणात पालथा फेकला होता, गारा थांबाव्यात म्हणून. थांबल्या नाहीत. तव्यावर ठणठण वाजल्या, एवढंच. मी सगळ्यांत मोठी गार हेरून पितळेच्या डब्यात घातली, झाकण घट्ट लावलं आणि सकाळी गुरुजींना दाखवायला शाळेत नेली. डब्यात चमचाभर पाणी आणि गवताचं एक पातं निघालं. सगळा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी ते पाणी तळहातावर घेतलं आणि विचारलं, "हे पातं ढगात होतं की अंगणात?" माझ्या वहीची सुरुवात तिथून झाली असं मी मानते. (पातं अंगणातलंच होतं, अर्थात.)

मोठेपणी विसरता येत नाही ती २०१४ ची. त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता जी सुरू झाली ती मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर कुठे ना कुठे चालूच होती. महाशिवरात्र २७ फेब्रुवारीला झाली, होळी १६ मार्चला, आणि दोन्हींच्या मधला सगळा काळ गारांचा. गहू आडवा झाला, हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे मातीत. आमच्या बगीच्यात मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलांची फळं तोडायला आलेली, आंबियाचा, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा नुकता लागलेला. अर्ध्या तासात दोन्ही गेले. झाडाखाली पोपट मरून पडले होते. पण माझ्या डोक्यात राहिलाय तो वास. ठेचलेल्या पानांचा आणि फुटलेल्या सालींचा वास गावभर भरला होता, एवढा की शेजारचं पोरगं म्हणालं, "बाई, किती छान वास येऊन राहिला नं!" त्याला कोणी रागावलं नाही. छानच होता तो.

प्रश्न : आमच्या सासूबाई म्हणतात, महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते. त्या दिवशी सगळी पांघरुणं धुऊन ट्रंकेत जातात. यंदा नंतर आठ दिवस आम्ही चादरीवर कुडकुडलो. बोलायची सोय नाही. काही शास्त्र आहे का ह्यात? (एक सून, अंजनगाव सुर्जी तालुका)

उत्तर : शास्त्र थोडं आहे, पण पंचांग त्याला साथ देत नाही. महाशिवरात्र २०१८ मध्ये १३ फेब्रुवारीला होती, २०२१ मध्ये ११ मार्चला, २०२४ मध्ये ८ मार्चला, २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला. महिनाभराचं मागंपुढं आहे. थंडीला अधिक मास कळत नाही. ती सूर्याच्या हिशेबानं चालते. 'होळी जळाली, थंडी पळाली' हे त्या मानानं सावध आहे, होळी त्यानंतर पंधरवड्यानं येते.

वर सांगितलेला पश्चिमी विक्षोभ उत्तरेकडून सरकत गेला की त्याच्या मागून उत्तरेचा कोरडा वारा आपल्याकडे घुसतो. फेब्रुवारीअखेर, मार्चच्या सुरुवातीलाही. आभाळ भरलेलं असतं तेव्हा रात्र उबदार असते, ढग पांघरुणासारखे असतात. ढग हटले की त्या रात्री आणि पुढच्या दोन-तीन रात्री कुडकुडायचं. हे ठाऊक असलं की सोय होते. ढग निवळताना दिसले की ट्रंक उघडा. सासूबाईंना विचारायचं कशाला, एक वाकळ 'धुतली पण वाळली नाही' म्हणून बाहेर ठेवा.

प्रश्न : पेपरात बऱ्याचदा विदर्भात सगळ्यांत कमी तापमान आमच्या गोंदियाचं येतं. आमच्याकडे तर भाताच्या बांध्या आणि तळी. चिखलदरा एवढा उंच, तो का नाही? (गोंदिया जिल्ह्यातून एक शिक्षक)

उत्तर : तुम्ही समुद्रापासून लांब आहात, उत्तरेचा वारा तुमच्या दिशेनं सरळ येतो, आणि कोरड्या निरभ्र रात्री सपाट जमीन पटकन निवते. चिखलदरा अकराशे मीटरवर आहे, दिवसा तो तुमच्यापेक्षा गारच असतो. पण रात्री उतारावरची गार हवा जड होऊन खाली दऱ्यांत घरंगळते आणि कड्यावर जरा ऊब राहते. मेळघाटात खालच्या नदीकाठच्या गावांत पहाटे जी हुडहुडी भरते ती वरच्या हॉटेलात राहणाऱ्या पाहुण्याला कळत नाही. आणि पेपरात फक्त जिथे वेधशाळेचा तापमापक आहे तिथलाच आकडा येतो, हेही लक्षात ठेवा. तुमच्या बांध्यांत कदाचित त्याहून कमी असेल.

प्रश्न : गार किती मोठी असू शकते? ती कापली तर आत काय दिसतं? (इयत्ता सातवी, मोर्शी तालुका)

उत्तर : शाब्बास, हा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. कांदा कापल्यासारखं दिसतं. एक पांढुरकं वलय, एक काचेसारखं, परत पांढुरकं. पाणी झटकन गोठलं की हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि ते वलय पांढरं दिसतं. सावकाश गोठलं की बुडबुडे निसटतात आणि वलय पारदर्शक होतं. आईच्या विळीवर कापू नकोस, निसटते. गरम सळई मधोमध टेकव, दोन भाग होतील. सळई मोठ्या माणसाला धरायला सांग.

जगातली सगळ्यांत वजनदार म्हणून नोंदलेली गार बांगलादेशात गोपालगंजला १४ एप्रिल १९८६ ला पडली, १.०२ किलोची. म्हणजे तुमच्या घरच्या किलोच्या मापापेक्षा थोडी जास्तच. आणि उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ ३० एप्रिल १८८८ च्या गारपिटीत २४६ माणसं गेली. गारपिटीत एवढी माणसं दगावल्याची दुसरी नोंद जगात नाही. तेव्हा गारा वेचायला पळायचं ते थांबल्यावर. आधी नाही.

प्रश्न : उन्हाळाच आला नाही, असं कधी झालंय का? (एक निवृत्त मुख्याध्यापक, वणी)

उत्तर : झालंय सर. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी एप्रिल १८१५ मध्ये फुटला. त्यातून गंधकाचे जे वायू फार उंच गेले, त्यांच्या बारीक कणांनी पुढं वर्षभर सूर्याचं ऊन अडवलं. १८१६ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत बर्फ पडला, उभी पिकं गोठली. युरोपात सतत पाऊस, धान्य महाग, उपासमार. तिकडे त्या सालाला 'उन्हाळा नसलेलं वर्ष' म्हणतात. आपल्याकडे चंद्रपूरकरांनी हे वाचून उगाच हरखून जाऊ नये.

प्रश्न : संत्र्याला थंडी पाहिजे म्हणता आणि थंडीत गारा आल्या की रडता. नेमकं काय पाहिजे? (नरखेड तालुका)

उत्तर : भाऊ, टोमणा पोचला. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण देतो, त्या वेळी चांगली थंडी पडली की फूल एकदम आणि भरपूर निघतं. हिमाचलच्या सफरचंदाला तर हजारेक तास सात अंशांखालची थंडी लागते, मगच कळ्या फुटतात. आणि तिकडेही एप्रिलमध्ये ऐन फुलोऱ्यावर बर्फ किंवा गारा आल्या की बागवान आपल्यासारखाच कपाळाला हात लावतो. थंडी हवी, पण वेळेवर.

गारा पडून गेल्यावर रडणं उरकून हे करा : मोडलेल्या फांद्या स्वच्छ कापा, खाली पडलेली फळं बगीच्याबाहेर काढून पुरा, आणि जखमांतून बुरशी शिरू नये म्हणून एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा, लोखंडी बादलीत नको. विमा काढला असेल तर ७२ तासांच्या आत कळवा. आमच्या घरी एकदा दुखवट्यात चौथा दिवस उजाडला आणि सगळं हातचं गेलं.

प्रश्न : तुम्ही मागे लिहिलं होतं की 'पूर्वीची थंडी' हा म्हाताऱ्यांचा भ्रम आहे. मी सत्तरीचा आहे. लहानपणी सकाळी बोटं मिटत नव्हती. आता स्वेटर ट्रंकेतून निघत नाही. तुमची वही चुकली असेल. (सावनेर तालुका)

उत्तर : वही चुकतेच. १९९३ ते ९५ असे दोन हिवाळे माझा तापमापक चुलीमागच्या भिंतीला टांगलेला होता, आणि माझ्या लक्षात येईपर्यंत आमच्या गावात थंडीच पडत नव्हती. ती सगळी पानं लाल शाईनं खोडलीत. तेव्हा भ्रम हा शब्द मी मागे घेते.

पण हेही ऐका. नागपूरची सगळ्यांत थंड रात्र म्हणून जानेवारी १९३७ मधली ३.९ अंशांची नोंद ऐंशीहून जास्त वर्षं टिकली. ती मोडली २९ डिसेंबर २०१८ ला, ३.५ अंशांनी. म्हणजे विक्रमी थंडी तुमच्या लहानपणी नाही, तुमच्या नातवंडांच्या हातात मोबाईल आल्यावर पडली. माझ्या अंगणात त्या पहाटे अडीच होते. कण्याची रांगोळी घालायला बाहेर आले तर तुळशीपुढच्या हरळीवर आधीच कोणी पिठी भुरभुरून गेल्यासारखं दिसलं. वाकून हात लावला तेव्हा कळलं.

एका रात्रीवरून हिवाळा ठरत नाही, हे मान्य. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलंय, तेव्हा तुमचं म्हणणं दिशेनं बरोबर आहे. पण ०.७ अंश बोटांना कळत नाही हो. तुमच्या बोटांना जे आठवतंय ते वेगळं आहे. एका वाकळीत तीन भावंडं, त्यातलं मधलं फक्त सुखी. विहिरीवर आंघोळ. चड्डीतले उघडे गुडघे. पायात काही नाही. शाळेत जाताना वाटेतल्या प्रत्येक शेकोटीपाशी थांबत जायचं, तुऱ्हाट्यांची आग भसकन पेटते आणि लगेच विझते, म्हणून पुढच्या शेकोटीकडे पळायचं. शाळेत पोचेस्तोवर अंगाला धुराचा वास. ती थंडी अंशांत मोजलेली नव्हती.

आणि ती सगळ्यांची गेलीय असंही नाही. आमच्याकडे शेतीपंपाची वीज पाळीपाळीनं येते, बऱ्याचदा रात्रीची. २०१८ च्या त्याच रात्री माझा पुतण्या गव्हाला ओलित करत होता, बारापासून चारपर्यंत, उघड्या पायांनी, पाण्यात. घरी आला तेव्हा त्याला ओठ हलवता येत नव्हते. त्यानं खुणेनं चहा मागितला. स्वेटर ट्रंकेत राहतो तो आपला, त्याचा नाही. गंमत अशी की त्या पाण्यानंच त्याचा गहू वाचला आणि शेजारची कोरडी तूर काळी पडली. ओली माती ऊब धरून ठेवते. लोक धुऱ्यावर पालापाचोळा पेटवून धूर करतात, त्याचा उपयोग होतो, पण लोक समजतात तितका नाही. पाणी द्या. दिवसा वीज मिळाली तर दिवसा द्या, हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

जाता जाता, पहिल्या पत्राचं : उत्तर लिहून पाकिटात घातलं, पण राहवेना. पत्राखाली नंबर होता, लावला. नातवानं आबांना फोन दिला. माझे तिन्ही प्रश्न मीच विचारले.

"दिवस होता की सकाळ?"

"सकाय होती बाई. मीठ सांडल्यावानी दिसत होतं."

"आवाज?"

"लय. टीन वाजत होते नं कोठ्याचे."

"सकाळी टीन वाजत होते?"

थोडं थांबले. "नाही. टीन तं दुपारी वाजले."

"पीक कसं दिसत होतं?"

"तुरीचे पानं उकडल्यावानी झाले होते. काये."

"आबा, होळी झाल्यावर वावरात तूर उभी होती?"

आता ते बराच वेळ गप्प. मागून कोणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. मला वाटलं फोन कटला.

"नाही जी," म्हणाले. "तूर तं संक्रांतीपासून निघते. होळीले गहू असते." परत गप्प. "मंग दोन येळा झालं असन बाई ते. येक हिवाळ्यात, येक होळीनंतर."

"मग तुम्हाला एकच कसं आठवतं?"

"बाप दोन्ही येळा धुऱ्यावर तसाच बसला होता. आमच्याइकडं पाठ करून."

मला पुढं काय विचारावं सुचेना. त्यांनीच विचारलं, "मंग बर्फ नोहता तो?"

मी सांगितलं, एकदा गोठलेलं दहिवर होतं, एकदा गारा होत्या, पण दोन्ही पाण्याचाच बर्फ, तुम्ही खोटं बोलला नाहीत. त्यात त्यांना फारसा रस वाटला नाही.

"त्या पोट्ट्याले तिथं पांघराले असते का काही चांगलं?"

"असतं आबा. फौज देते सगळं."

"पायातबी?"

"पायातही."

"मंग ठीक हाय," म्हणाले, आणि फोन नातवाच्या हातात दिला.